मॅकियाव्हेलीच्या तोंडी घातलेलं वाक्य

निवडणुका आल्या की मॅकियाव्हेली या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटालियन राजकीय विचारवंताच्या नावाने एक मजकूर फिरू लागतो. ‘साध्य चांगलं असेल तर साधन कसलंही चालतं, असं मॅकियाव्हेली सांगून गेला. जनता मूर्ख असते, तिला धाकातच ठेवावं लागतं, हे त्याचं म्हणणं. तो स्वतः मेदिची घराण्याचा हुजऱ्या होता.’ यातलं जवळजवळ काहीच जसंच्या तसं खरं नाही.

पहिलं म्हणजे साध्य-साधनाचं ते वाक्य ‘द प्रिन्स’ या राजांना सल्ला देणाऱ्या त्याच्या पुस्तकात नाही. अठराव्या प्रकरणात त्याच्या जवळ जाणारी एक जागा आहे. राजाने राज्य मिळवलं आणि टिकवलं, की त्याचे मार्ग लोक वाखाणतातच, कारण लोक निकालाकडे पाहतात, असं तो तिथे लिहितो. हे लोकांच्या स्वभावाचं वर्णन आहे. अर्थात, त्याच प्रकरणात वेळ पडली तर शब्द मोडावा, असा सल्लाही आहे; तो झाकून मला मॅकियाव्हेलीला संत ठरवायचं नाही. प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकावरच्या ‘डिस्कोर्सेस’ या त्याच्या दुसऱ्या पुस्तकात तर रोमचा संस्थापक रोम्युलस याच्या हातून झालेल्या भावाच्या हत्येबद्दल तो म्हणतो की कृत्य त्याला दोषी ठरवतं, पण परिणाम त्याला माफी देतो. मात्र लगेच अट येते: मोडलेलं सावरण्यासाठी केलेली हिंसा वेगळी आणि नासधूस करण्यासाठी केलेली वेगळी; दुसरीला माफी नाही.

‘द प्रिन्स’च्याच आठव्या प्रकरणातला अगाथोक्लीस पाहा. कुंभाराचा पोरगा, सिसिलीतल्या सिराक्यूजचा राजा झाला. सभा बोलावली आणि सैनिकांकरवी सिनेटर आणि धनिक कापून काढले. राज्य मिळालं, टिकलंही. साध्यच सगळं असतं, तर मॅकियाव्हेलीने त्याला डोक्यावर घेतलं असतं. त्याच्या धाडसाची आणि चिकाटीची दाद तो देतो, पण नागरिकांना मारणं, मित्रांचा घात करणं याला सद्गुण म्हणता येत नाही, असं स्पष्ट बजावतो. अशा मार्गाने सत्ता मिळते, कीर्ती नाही.

धाकाचं म्हणणं अर्धंच उचललेलं आहे. मॅकियाव्हेली म्हणतो, प्रेम आणि धाक दोन्ही असावेत. एकच निवडायचं तर धाक अधिक सुरक्षित, इथवर मजकूर बरोबर. पुढचं मात्र गाळलं जातं: धाक असावा, द्वेष होऊ देऊ नये. प्रजेची मालमत्ता आणि स्त्रिया यांना हात लावू नये, कारण माणसं बापाचा मृत्यू एक वेळ विसरतात, वडिलोपार्जित मालमत्ता गेलेली विसरत नाहीत. विसाव्या प्रकरणात तर तो म्हणतो, लोकांचा द्वेष नसणं हाच सगळ्यात चांगला किल्ला.

आणि जनता मूर्ख? ‘डिस्कोर्सेस’च्या पहिल्या भागातलं अठ्ठावन्नावं प्रकरण नेमकं उलट सांगतं: कायद्याने बांधलेला जनसमुदाय राजापेक्षा शहाणा आणि स्थिर असतो. रोममधल्या सामान्यजन आणि सिनेट या उमरावांच्या सभेच्या भांडणांना इतर लोक गोंधळ म्हणत. त्याच्या मते रोमचं स्वातंत्र्य त्याच भांडणांतून आलं. हा विचार त्या काळात किती धाडसाचा होता!

राहिला हुजऱ्याचा आरोप. 1498 ते 1512 तो इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या प्रजासत्ताकाचा सचिव होता. भाडोत्री सैन्याऐवजी नागरिकांचं सैन्य उभारण्यासाठी झटला. 1512 मध्ये फ्लॉरेन्सवर आधी सत्ता गाजवलेले मेदिची परतले, त्याची नोकरी गेली. 1513 च्या फेब्रुवारीत कटाच्या संशयावरून त्याला पकडलं आणि हात मागे बांधून दोरीने टांगून त्याचा छळ केला. त्यानंतर त्याच वर्षी त्याने ‘द प्रिन्स’ लिहायला घेतलं आणि पुढे ते मेदिचींनाच अर्पण केलं. त्याला काम हवं होतं, हे खरंच. पण 1520 च्या सुमारास मेदिची घराण्यातल्याच पोप दहाव्या लिओसाठी फ्लॉरेन्सच्या कारभाराचा आराखडा लिहिताना त्याने सांगितलं, की नागरिकांच्या महासभेचं बंद केलेलं सभागृह उघडल्याशिवाय शहरातली बहुसंख्य माणसं कधीच समाधानी होणार नाहीत.