गरुड चोच फोडत नाही, दाजी

परवा रात्री दाजींनी एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "खरं हाय का बे हे? खरं असंल तर मीबी फंड काढून मोकळा होतो म्हणतो." फॉरवर्ड वाचून हसलो होतो. ही ओळ वाचल्यावर डोकं फिरलं.

दाजी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे माग लावून देणारे, बिघडला तर दुरुस्त करणारे. पन्नाशी ओलांडली. मालक जुने धोट्याचे माग काढून रॅपियर, म्हणजे धोट्याविना चालणारे नवे माग बसवतोय, त्यामुळे आपलं काय होणार हा घोर त्यांना लागलाय. नेमका त्याच वेळी बहिणीच्या भिशीच्या ग्रुपवरून हा गरुड घरात शिरला.

गोष्ट तुम्हालाही आली असेल. गरुड ७० वर्षं जगतो. चाळिशीत चोच वाकते, नखं निकामी होतात, पिसं जड होतात. मग तो कड्यावर जाऊन चोच खडकावर आपटून तोडतो, नवी आली की तिने नखं उपटतो, मग पिसं उपटतो. १५० दिवसांनी पुन्हा भरारी, पुढे ३० वर्षं आयुष्य. तात्पर्य: स्वतःला ओळखणाराच बदलतो, बाकीचे संपतात. परिस्थिती काही नसते, सगळी मनःस्थिती. २१ दिवसांत जुनी ओळख पुसून टाका. आणि शेवटी, अर्थातच, आत्मभान शिबिराची लिंक.

आधी पक्षी. अमेरिकेत पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालून नोंद ठेवायची जुनी सरकारी पद्धत आहे. तिथल्या बाल्ड ईगल जातीच्या एका गरुडाला १९७७ साली कडी घातली होती. तो २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात गाडीच्या धडकेने मेला, तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि रानातल्या बाल्ड ईगलमध्ये वयाचा विक्रम त्याच्या नावावर लागला. म्हणजे ज्या चाळिशीत हा सगळा पुनर्जन्म व्हायचा, तिथवर विक्रमवीरसुद्धा पोचला नव्हता. पिंजऱ्यात आयतं खाणारे जास्त जगतात हे कबूल, पण तिथे कडा कुठून आणायचा?

चोचीचं म्हणाल तर आत हाड असतं, वर केराटिनचं कवच. आपली नखं ज्याची बनतात तेच. ते कवच सतत वाढतं आणि भक्ष्य फाडताना, फांदीवर घासताना झिजत राहतं, म्हणून चोच आयुष्यभर कामाची राहते. आतल्या हाडासकट ती फोडली तर तशी परत येत नाही. आणि चोच नाही, नखं नाहीत, पिसं नाहीत, तर पाच महिने हा पक्षी खाणार काय? उपाशी मरेल. पिसं तर गरुड दरवर्षी थोडी थोडी टाकतोच, पण दोन्ही पंखांतली बेताबेताने, उडणं न थांबवता. मोठ्या गरुडांना सगळी पिसं बदलायला वर्षाहून जास्त लागतं. हिवाळ्यात सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर दुर्बीण घेऊन बसणाऱ्या कुणालाही विचारा, उघडाबोडका गरुड कधी पाहिलाय का म्हणून.

गोष्ट आहे, रूपक आहे, एवढं काय मनावर घेता, असं बहीण म्हणाली. घेतो, कारण दाजींनी घेतलं. या रूपकाने त्यांना सांगितलं की हातात आहे ते आधी मोडा, नवं आपोआप उगवेल. यंत्रमागावर पीएफसाठी किती भांडावं लागलं ते सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, कुठल्याही घरात विचारा. तो फंड म्हणे चोच.

याहून वाईट ते "परिस्थिती काही नसते". हे सोलापुरात सांगायचं? 'जुनी मिल' नावाची कापड गिरणी बंद पडली, लक्ष्मी-विष्णू बंद पडली, नरसिंग गिरजी बंद पडली. त्या कामगारांना आत्मभान कमी पडलं होतं का? ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव आहे. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगायचं आणि १९३० च्या सुमारास ती बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तिथे घरोघरी जाऊन पाहणी केली, ती १९३३ मध्ये छापून आली. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं होतं. कुटुंबांचे त्यांनी चार गट पाडले: न खचलेली, मन मारून जगणारी, हताश आणि पार सुन्न झालेली. मग उत्पन्न ताडून पाहिलं. न खचलेल्यांकडे महिन्याला माणशी साधारण ३४ शिलिंग येत होते, सुन्न झालेल्यांकडे १९. मधले दोन गट त्याच क्रमाने मध्ये. मनःस्थिती पैशाच्या मागोमाग पायऱ्या उतरत होती. शिबिरवाल्यांनी हा तक्ता एकदा भिंतीवर लावावा.

२१ दिवसांवर फार वेळ घालवत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात एखादी साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणि तीही जेवताना पाणी पिण्यासारखी सवय, तीस वर्षांची ओळख पुसणं नव्हे.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. स्वतःला ओळखण्याने बदल सोपा होतो, हे खरं आहे. पण ती ओळख बारीक आणि नेमकी लागते. "मी असाच का, माझंच असं का" हे रात्रभर घोळवत बसलं तर माणूस आणखी रुततो. फोनवर खोदून विचारलं तेव्हा दाजी म्हणाले, "मशीनचं भ्या न्हाई बे. त्या पडद्यावर सगळं इंग्रजी हाय, आन् विशीतल्या पोरांम्होरं चुकायची लाज वाटती." झालं की! तीन दिवसांच्या शिबिरात याहून जास्त काय निघणार होतं? ताण्याचा दोरा कुठे तुटणार हे आवाजावरून ओळखणाऱ्या माणसाला रॅपियर कळायला अडचण नाही. अडचण पडद्यावरच्या काही शब्दांची आहे.

रविवारी भाचा त्यांच्याबरोबर कारखान्यात जाणार आहे. पडद्याचे फोटो काढून प्रत्येक बटणाखाली मराठीत लिहून देणार आहे. रात्रपाळीला पोरं कमी असतात, तेव्हा हात बसवायचा. मालकाशी पगाराचं बोलणं मी करणार आहे. फंड आहे तिथे राहील, आणि लिंक मी दाजींच्या फोनमधून पुसून टाकली आहे.