जळगावात इंटरनॅशनल स्टडीज? चालेल, पण एका अटीवर

आपल्याकडच्या ज्या मुलांना पुण्या-दिल्लीची फी झेपत नाही, ती इथेच राज्यशास्त्र घेतात. परराष्ट्र धोरण त्यांना पुढे अभ्यासिकेत भेटतं, यूपीएससीच्या नोट्समध्ये. आता पदवीला मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक दुय्यम विषय, आलंय म्हटल्यावर एखादं कॉलेज उद्या जळगाव-धुळ्यातही 'इंटरनॅशनल स्टडीज' मेजर काढेल. काढावंच. फक्त राज्यशास्त्राच्याच पेपरांवर नवी पाटी लावू नये. संयुक्त राष्ट्रसंघ, शीतयुद्ध, अलिप्ततावाद, झालं मेजर!

अमेरिकेतली बरीच कॉलेजं हा विषय कसा बांधतात बघा. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास अशा विभागांतले पेपर एकत्र करतात. विद्यार्थी जगाचा एखादा प्रदेश निवडतो आणि तिथली भाषा दोन-तीन वर्षं शिकतो. आपल्याकडे ४ क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे ६० तास. तेवढ्यात अरबी कितीशी येणार? एका सेमिस्टरला 'फॉरेन लँग्वेज' टाकून मोकळं व्हायचं असेल, तर तो कोर्स नकोच.

अरबी म्हणालो, कारण माझ्या मते आपला प्रदेश आखात. रावेर-यावलची केळी रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमधून तिकडे जाते. आखाताच्या तोंडाशी, होर्मुझच्या सामुद्रधुनीत काय चाललंय, ही केळीवाल्याच्या कामाची बातमी आहे भो! कापसाचंही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं टॅरिफ ५० टक्क्यांवर नेलं आणि त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क तात्पुरतं माफ केलं. बाहेरचा कापूस स्वस्तात येणार म्हणून कापडगिरण्यांना दिलासा, इथल्या कापूसवाल्याच्या पोटात गोळा. वॉशिंग्टनपासून चोपड्याच्या जिनिंगपर्यंतची ही साखळी पोरांनी स्वतः हिंडून, माणसांशी बोलून मांडावी. तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प असा हवा.

आणि एक गोष्ट कुणी मोजतच नाही. भुसावळ, जळगाव, धुळ्यात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. तिथून आलेल्या मुलामुलींना अरबी-फारसीची लिपी जवळपास येतेच. इंग्रजी कच्चं म्हणून मागच्या बाकावर बसणारी ही मुलं या वर्गात सगळ्यांच्या पुढे असतील. फारुकी सुलतानांचं खानदेश हे, फारसी इथे काही परकी नव्हती.

शिकवणार कोण, हा खरा पेच. तासिका तत्त्वावरचे सर दरवर्षी बदलणार असतील तर भाषा उभी राहत नाही. एक तरी कायम पद भाषेचं हवं, बाकीचे पेपर आहेत त्या विभागांतून निघतील.

तोवर पालकांना एवढंच सांगेन: माहितीपत्रकात भाषा किती सेमिस्टर आहे ते आधी बघा. एकच असेल तर सरळ राज्यशास्त्र घ्या, फी तरी वाचेल.