फायब्रॉइडची गाठ आणि प्रोजेस्टेरॉन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की फायब्रॉइड (गर्भाशयातल्या कर्करोग नसलेल्या गाठी) इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे वाढतात हे सगळ्यांना ठाऊक असताना लेखात प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनवर उगाच ठपका ठेवलाय. तसं असतं तर डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनच्याच जातीच्या गोळ्या दिल्या असत्या का? शंका रास्त आहे.

इस्ट्रोजेन नामानिराळं नाहीच. ते पेशीतल्या आपल्या अल्फा रिसेप्टरला (हार्मोनचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि पेशीला प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर बनवायला लावतं. ते रिसेप्टर पुरेसे नसतील तर रक्तात प्रोजेस्टेरॉन असूनही पेशी फारशी दाद देत नाही. पण गाठ मोठी कोण करतं? 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसाच्या फायब्रॉइडच्या पेशी उंदरांच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रुजवल्या. नुसत्या इस्ट्रोजेनवर गाठ वाढली नाही. दोन्ही दिल्यावर वाढली, आणि प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर अडवल्यावर ती वाढ रोखली गेली. शिवाय फायब्रॉइडमधलं पेशीविभाजन पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात, म्हणजे प्रोजेस्टेरॉन चढलेलं असताना, जास्त दिसतं.

वाढघटकांतही, म्हणजे पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनांतही, हीच जोडी दिसते, आणि मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत ईजीएफ हा वाढघटक प्रोजेस्टेरॉन वाढवतं, तर त्याचा रिसेप्टर इस्ट्रोजेन. टीजीएफ-बीटा 3 हा आणखी एक वाढघटक पेशींकडून कोलॅजन आणि फायब्रोनेक्टिन या प्रथिनांचं जाळं तयार करून घेतो. गाठीचा टणकपणा मुख्यतः या जाळ्याचा. हार्मोन उतरली तरी ते लगेच विरघळत नाही.

आता गोळ्या. नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध गर्भाशयाचं अस्तर पातळ करतं, त्यामुळे अंगावरून जाणं कमी होतं. गाठ लहान करण्यासाठी मात्र या गोळीवर भरवसा ठेवता येत नाही. रक्तस्राव आटोक्यात आला म्हणजे गाठ आटली, असा अर्थ काढला की फसगत होते.

तुमच्या बहिणीला जीएनआरएच अ‍ॅगोनिस्टचं (अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन तीन महिने दिलं आणि 'गाठ 5 सेंमीची जेमतेम 4 झाली', असंही तुम्ही लिहिलंय. हे औषध सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे हार्मोन उलट वाढवतं, मग अंडाशय शांत होतं आणि दोन्ही हार्मोन उतरतात. आकार मात्र घनफळात मोजा: तीन व्यासांचा गुणाकार गुणिले 0.52. तिन्ही व्यास 5 वरून 4 झाले असतील तर 65 घन सेंमीची गाठ 33 वर आली, जवळजवळ निम्मी. म्हणून दोन्ही सोनोग्राफीच्या रिपोर्टमधले तिन्ही व्यास ताडून बघा. इंजेक्शन थांबल्यावर गाठ बहुधा पुन्हा वाढते, तेव्हा शस्त्रक्रिया करायची असेल तर तारीख लांबवू नका.