गाडी काय म्हणते आहे?

मोटारसायकल शिकवणाऱ्या माणसांना क्लच कुठे, ब्रेक कुठे, डाव्या पायाने पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर कसे टाकायचे, हे सारे नीट सांगता येते. मात्र ‘हे केव्हा करायचे?’ असे विचारले की ती अचानक अध्यात्मात शिरतात. माझ्या दादानेही तेच केले. “केव्हा म्हणजे? आवाज ऐकायचा. गाडी सांगते,” असे म्हणून त्याने उजव्या मुठीने हवेतच अ‍ॅक्सिलरेटर पिळला, तोंडाने ‘घुंऽऽ’ असा चढता सूर काढला आणि मध्येच “आता!” म्हणून तो ओरडला. त्या ‘आता’च्या आधीचा घुं आणि नंतरचा घुं यांत मला काडीचाही फरक ऐकू आला नाही. शाळेत गाण्याच्या शिक्षकांनी मला समूहगीतात फक्त ओठ हलवायला सांगितले होते, हे दादा बहुधा विसरला होता.

गाडी सर्वांशी बोलते आणि माझ्याशीच बोलत नाही, असे कबूल करणे जड जाते. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला, की आवाज चढला म्हणजे गाडीला त्रास होतो आहे आणि त्रास होऊ लागला, की वरचा गिअर टाकून तिला मोकळे करायचे. परिणामी गल्लीचा कोपरा यायच्या आत मी पाचव्यात असे. पाचव्या गिअरमध्ये रांगणारी गाडी धीम्या, खर्जातल्या आवाजात ‘धड्‌-धड्‌-धड्‌’ असे म्हणू लागते आणि हँडलपासून सीटपर्यंत सर्वांगाला हिसके बसतात. मला ते भारदस्त वाटे. एकदा दादा मागे बसला आणि दहा पावलांतच म्हणाला, “अरे, खालचा टाक, रडतेय ती!”

ते रडणे म्हणजे काय, हे मला नंतर हिशेबाने समजले, कानाने नव्हे. एक सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. मिनिटाला ४००० फेरे होत असतील, तर सेकंदाला सुमारे ३३ स्फोट होतात आणि ते एकमेकांत मिसळून सलग सूर ऐकू येतो. फेरे १५०० वर उतरले, तर सेकंदाला बारा-तेराच स्फोट उरतात; मग प्रत्येक दणका सुटा होतो, चेन ताणली जाते, सैल पडते, पुन्हा ताणली जाते, आणि स्वाराची मान त्याची नोंद ठेवते. ज्याला मी भारदस्तपणा समजत होतो तो इंजिनाच्या गुडघ्यांचा कडकडाट होता.

दादाच्या त्या उद्गाराने घाबरून मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि काही दिवस दुसऱ्या गिअरमध्येच किंचाळत हिंडलो. त्या दिवसांबद्दल शेजाऱ्यांनी काही लिहिले तर लिहावे.

मग मी गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडली. तिच्यात चक्क तक्ता होता: दुसरा गिअर ताशी १५ किलोमीटरला, तिसरा २५ ला, चौथा ३५ ला आणि पाचवा ४५ ला. आवाजाची भानगड संपली, आता फक्त काटा बघायचा, या आनंदात मी थेट एका लांबलचक चढाला लागलो. तिसऱ्यात ३५ चा काटा गाठला आणि आज्ञाधारकपणे चौथा टाकला. चौथ्यात गाडी उचलेना; काटा ३० वर आला, तसा मी तिसरा टाकला. तिसऱ्यात जोर आला, काटा ३५ वर गेला, तसा मी चौथा टाकला. त्या एका चढावर मी हा खेळ सात वेळा खेळलो आणि प्रत्येक वेळी क्लच दाबलेल्या क्षणभरात गाडी थोडी आणखी मंदावली, कारण चढावर जोर तुटला की वेग वाट पाहत नाही. सायकलवरून एक मुलगा उभ्याने पेडल मारत माझ्या बाजूने गेला आणि वळून माझ्या डाव्या पायाकडे पाहू लागला. तक्त्याच्या वर बारीक अक्षरांत ‘सपाट रस्त्यासाठी’ असे लिहिलेले होते, हे मी वर पोहोचल्यावर वाचले. वेग तोच असला तरी ओझे तेच नसते. चढावर चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाने अधिक फेरे घ्यावेत, म्हणजे चाकाला जोर अधिक मिळतो आणि तिसऱ्यातच गुमान वर जाता येते, एवढी ही साधी गोष्ट आहे.

केव्हा बदलायचा हा प्रश्न सुटला नसतानाच ‘सध्या आहे कितवा?’ हा दुसरा प्रश्न मला छळू लागला. पूर्वीच्या मोटारसायकलींना टाकीच्या बाजूला हाताने हलवायचा दांडा असे, त्यामुळे कितवा गिअर आहे ते डोळ्यांना दिसे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस वेलोसेट या ब्रिटिश कंपनीच्या हॅरल्ड विलिस यांनी पायाने गिअर टाकण्याची अशी रचना आणली, की एका दाबाला एकच गिअर पडतो आणि दांडा पुन्हा मूळ जागी येऊन बसतो. शर्यतीत हात हँडलवरच राहावा म्हणून ही योजना उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु दांडा प्रत्येक वेळी निरागसपणे त्याच जागी परतत असल्यामुळे आपण काय करून बसलो आहोत याचा पुरावा मागे उरत नाही. ज्या गाड्यांत आकडा दाखवणारी खिडकी असते त्यांचे मालक सुखी आहेत. माझ्या गाडीत फक्त न्यूट्रलचा हिरवा दिवा आहे. त्यामुळे पाच गिअरच्या गाडीत मी रोज किमान दोनदा सहावा शोधतो.

याचा कडेलोट सिग्नलला होतो. चौथ्यातच थांबल्यावर मी घाईघाईने दांडा खाली दाबू लागतो आणि तो एकदा पडून पुढे हलतच नाही. मागून हॉर्न सुरू होतात. गिअरपेटीतील चाके एकमेकांना पकडतात ती बाजूच्या जाड दातांनी, आणि गाडी उभी असताना दातासमोर खाच येण्याऐवजी दातच आला, तर पाय कितीही आपटला तरी उपयोग नसतो. क्लच किंचित सोडून चाके थोडी फिरू द्यावी लागतात. या दातांना तंत्रज्ञ ‘डॉग’ म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याच्या मागेही कधीतरी ट्रक उभा असावा. थांबण्याआधीच, गाडी चालू असताना, एकेक गिअर उतरवत यावे हा यावरचा उपाय मला ठाऊक आहे, परंतु तो सिग्नल हिरवा झाल्यावर आठवतो.

अखेर तोडगा निघाला तो बायकोमुळे. तिला मोटारसायकल चालवता येत नाही. मात्र माझ्या प्रत्येक चुकीच्या गिअरला तिचे हेल्मेट माझ्या हेल्मेटवर ‘टक्‌’ असे आपटते. डोके वाचवण्यासाठी ती मागे बसल्या बसल्या इंजिन ऐकू लागली आणि महिन्याभरात तिला ते कळूही लागले. आता ती तुटक ‘हं’ म्हणाली, की मी वरचा टाकतो आणि लांब ‘हंऽऽ’ म्हणाली, की खालचा. टकटक बंद झाली. दादा एकदा आमच्या मागून येत होता, त्याने माझी पाठ थोपटून “आलं की रे तुला!” असे म्हटले, आणि मी नम्रपणे मान खाली घातली.

परवा मी त्याच चढावर एकटा होतो. चौथ्यात गाडी हळूहळू दमू लागली, हिसके सुरू झाले, चेन खडखडली, आणि मी कान टवकारून वाट पाहत असतानाच ती बंद पडली.

घरी सांगितल्यावर बायकोने विचारले, “अहो, पण बंद पडण्याआधी गाडी काहीच म्हणाली नाही?”

“गाडी खूप काही म्हणत होती,” मी म्हणालो, “पण तुझं ‘हंऽऽ’ आलं नव्हतं.”