संकासुराचं तिकीट

गेल्या जत्रेत माझं एक वाक्य कापलं गेलं. आधी ते वाक्यच सांगतो, मग बाकीची कुरकूर.

गोव्यातल्या आमच्या पेडण्याकडच्या लोकांना दहीकाला म्हणजे काय आणि संकासूर म्हणजे कोण, हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात. दहीकाला म्हणजे जत्रेतला दशावतार. त्यात रात्रीचं मुख्य आख्यान लागण्याआधी आड दशावतार होतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव येतात आणि मग येतो वेद चोरणारा संकासूर. अंगात काळा पोशाख, तोंडावर ओढलेला काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लाल जीभ. शेवटी विष्णूच्या हातून तो मरतो, पण मरेपर्यंतचा सगळा वेळ त्याचा. देव पुस्तकी मराठीत बोलतात, हा गावच्या बोलीत. संहिता लिहिलेली नसते, त्यामुळे हा पुढे काय बोलेल ते पेटीवाल्यालाही ठाऊक नसतं. आमच्या हौशी मंडळात हा पार्ट १९ वर्षं माझ्याकडे आहे. दिवसा कारकून, वर्षातून एक रात्र असुर.

तर ब्रह्मदेव विचारतो, “अरे दुष्टा, वेद कुठे लपवलेस?” मी म्हणतो, “दर्यात.” तो म्हणतो, “एवढे डोंगर असताना समुद्रात का?” आणि मी म्हणतो, “देवा, दोंगरांत लिपयले आसते, पूण फाल्यां सकाळीं दोंगर थंय आसतलो काय?” म्हणजे, डोंगरात लपवले असते, पण उद्या सकाळी डोंगर तिथे असेल काय?

एवढंच. तालमीला पोरं खो-खो हसली, मृदंगावरच्या मामांनी एक थाप जास्तीची मारली. दुसऱ्या दिवशी समितीतले एक काका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “बाबा, तें दोंगराचें रावूं दी.” कारण विचारायची गरजच नव्हती. मंडपासाठी देवळामागची जागा सपाट करायला एकाचा जेसीबी आला होता, फुकट. लाईट आणि साउंडही त्याच्याच नावावर. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर तो बसणार होता. डोंगर आणि जेसीबी यांचं नातं गोव्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी वाक्य काढलं. छातीबिती काढून उभा राहिलो नाही, उगाच खोटं कशाला सांगू. त्याऐवजी भटजीच्या सोवळ्यावरचा, माझ्या आधीच्या संकासुराच्याही आधीपासून चालत आलेला विनोद केला. लोक हसले. सवयीने हसले.

आता इथे फेसबुकवर आपण सगळे म्हणतो की हल्ली लोकांना विनोद सहन होत नाही, लगेच भावना दुखावतात. खरं आहे ते. पण आमच्या जत्रेत कुणाच्या भावनाबिवना दुखावल्या नव्हत्या. प्रकरण त्याहून लहान आहे आणि जास्त लाजिरवाणं. प्रश्न तिकिटाचा आहे. आमचं नाटक बघायला कोणी पैसे देत नाही. पैसे देतो तो एकच माणूस, आणि तो सोफ्यावर बसलेला असतो.

हे मला कळलं ते तियात्र, म्हणजे गोव्याचं कोकणी संगीत नाटक, बघून. आमच्या वाड्याच्या पलीकडे एक ख्रिस्ती शेजारी आहेत, वयाने मोठे. मी त्यांना इर्मांव, म्हणजे भाऊ, म्हणतो. त्यांच्याबरोबर मी म्हापशाला, मडगावला तियात्र बघायला जातो. आपल्या हिंदू मराठी घरांतून तियात्राला जाणारे फार नाहीत. ‘ते त्यांचं’ म्हणून आपण शंभरावर वर्षं ते बघायचं टाळलं. पहिलं तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झालं, लुकाझिन रिबेर यांचं ‘इटालियन भुरगो’. तेव्हापासून आजपर्यंत ते तिकिटावर चालतंय. सरकारी अनुदानं आहेत, अकादमी आहे, पण हॉल भरतो तो पैसे मोजून आलेल्या माणसांनी. नोकरीवर जाणारे, मासळी विकणाऱ्या बायका, बोटीवरून सुट्टीला आलेले तारवटी.

आणि त्याचं यंत्र बघा कसं आहे. गोष्ट चालू असते, एक पडदा पडतो, मागे सेट बदलत असतो, तेवढ्यात सूट-टाय घातलेला एक माणूस पडद्यासमोर येतो. खाली बँडवाले ट्रंपेट फुंकतात आणि तो कांतार म्हणतो. त्या गाण्याचा गोष्टीशी काडीचा संबंध असावा लागत नाही. गोष्ट सासू-सुनेची आणि गाणं पंचायतीतल्या फायलीचं. त्यामुळे सकाळच्या पेपरात आलेलं संध्याकाळी कांतारात येऊ शकतं. गोष्टीला धक्का न लावता ते घालता येतं, दुसऱ्या दिवशी काढताही येतं. पहिली दोन कडवी तो गोल गोल फिरतो, मंत्र्याचं नाव घेत नाही, फक्त त्याच्या चालण्याची ढब सांगतो. शेवटच्या कडव्याला शिट्ट्या, बाकं वाजवणं, परत म्हण, परत म्हण. कितीतरी नाटककारांनी डोकं खाजवून शोधलं असतं असं हे तंत्र आपल्या शेजारी फुकट पडलंय. फुकट नव्हे, तिकीट काढून.

एक उदाहरण देतो म्हणजे फरक कळेल. २०२२ च्या जानेवारीत, निवडणुकीच्या तोंडावर, काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रूसाकडे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ देण्यात आली. अकरा जण निवडून आले. सप्टेंबरात त्यांतले आठ भाजपात गेले. देवासमोर घेतलेली शपथ अशी मोडली की विनोद लिहिणाऱ्याला काही कामच शिल्लक ठेवलं नाही! त्यावरचं कांतार मी पुढच्याच महिन्यात ऐकलं. हॉल हसून हसून वेडा झाला होता. आणि आमच्या जत्रेत त्या वर्षी आख्यान कुठलं होतं? सत्यवचनी हरिश्चंद्र. हरिश्चंद्र! दिलेल्या शब्दासाठी राज्य सोडणारा राजा तीन तास आमच्या रंगमंचावर उभा होता, आणि त्या तीन तासांत आमच्यापैकी एकाच्याही तोंडून एक चुकार वाक्यसुद्धा निघालं नाही. समई पेटवायला एक आमदार आले होते. कुठल्या पक्षाचे ते त्या दिवसापुरतं मला आठवतं.

आता तियात्रवाल्यांना देव्हाऱ्यात बसवायचं नाही मला. शेवटी उपदेशाचा डोस असतो, तो मला झेपत नाही. शिवाय ‘घाटी’ म्हटलं की हमखास हशा, बांधकामावरच्या गरीब मजुराची बोली केली की हमखास हशा. मराठी बोलणारा माणूस म्हणून त्या वेळी मी खुर्चीत थोडा सरकून बसतो. मोठ्या माणसाला टोचायची हिंमत असलेला नटच पुढच्या क्षणी सगळ्यात लहान माणसाच्या पायावर पाय देतो, हे विचित्र आहे. पण हे बोलायचा मला कितपत अधिकार आहे?

कारण मी स्वतः पेद्रू केलाय. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने एक सामाजिक नाटक बसवलं होतं, त्यात माझा पार्ट दारुड्या पेद्रूचा. हॅट, हातात बाटली, ‘कितें रे मेन’ अशी भाषा. हिंदी सिनेमाने सबंध देशाला शिकवलेला गोंयकार मी गोव्यातच, गोंयकारांसमोर, झोकांड्या खात केला. टाळ्या पडल्या. इर्मांव बघायला आले होते. परत जाताना मोटारसायकलवर मागे बसून ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “बरें केलें रे. पूण सोरो पितात ते फकत आमीच? तुमच्या वाड्यार सगळे दूद पितात?” आणि मोठ्याने हसले. मीही हसलो. घरी पोचल्यावर मात्र आठवलं की आमच्या वाड्यावरच्या दोन फेणीवाल्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आमच्या मंडळाचंच आहे, आणि त्या रात्री बाटलीत जे पाणी होतं तेही पहिल्या अंकापुरतंच होतं.

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांना हे बरोबर जमलं होतं. गोव्यातल्या लोटली गावचा माणूस. शाळेत असताना पाद्रींची चित्रं काढून ओरडा खाल्लेला. त्यांच्या चित्रातल्या गावात भाटकार म्हणजे जमीनदार आहे, पाद्री आहे, तावेर्न म्हणजे दारूचा गुत्ता आहे, जाडी मावशी आहे, आणि कुठल्यातरी कोपऱ्यात एक कुत्रा भलत्याच उद्योगात आहे. कुणालाही सोडलेलं नाही, पण कुणी परकाही नाही. आपल्याच अंगणात उभा राहून काढलेली चित्रं ती. आता ती मगांवर, टाइल्सवर, फ्रिजला चिकटवायच्या चुंबकांवर आली आहेत. घेणारा घेऊन जातो, त्या पाद्रीचं नाव काय होतं ते त्याला माहीत नसतं. असो. तो वेगळा विषय आहे.

माझे आजोबा १९६७ च्या जनमत कौलात फुलाच्या बाजूचे, म्हणजे गोवा महाराष्ट्रात जावा या मताचे. मगोचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, कट्टर. आणि रोज सकाळी पहिल्यांदा वाचायचे काय, तर ‘राष्ट्रमत’मधलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’. विलीनीकरणाच्या विरोधातलं सदर, तेही मराठीत, तेही आजोबांच्या पुढाऱ्यांची रेवडी उडवणारं. वाचताना ते शिव्या घालायचे आणि वाचून झालं की आजीला बोलावून पुन्हा मोठ्याने वाचून दाखवायचे. आजी म्हणायची, मग घेता कशाला तो पेपर? आजोबा म्हणायचे, पैसे मोजून शिवी विकत घेतो, ती तरी नीट वाचू दे. १६ जानेवारीला मतदान झालं. दोन पानांना, म्हणजे गोवा वेगळा ठेवायच्या बाजूला, १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. निकालानंतर दोन दिवस आजोबा जेवले नाहीत, पण पेपर बंद केला नाही. मराठीत अशी चेष्टा होत होती आणि ज्याची होत होती तोच तिचा पहिला वाचक होता. हे आमच्याच घरात घडलंय, म्हणून मराठी माणसाला टोचणारा विनोद पचत नाही हे मला पटत नाही.

मोबाइलमुळे एक नवीन भानगड झालीय, तीही सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या संकासुराची एक क्लिप कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर सोडली. भटजीच्या सोवळ्याचाच विनोद. आमच्या देवळाचे खरे भटजी त्या रात्री समोरच बसले होते, पोट धरून हसत होते, मध्येच त्यांनी मला एक शब्द सुचवलासुद्धा. आठ दिवसांनी कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या गृहस्थांना आमच्या भटजींच्या वतीने भयंकर राग आला. धर्माचा अपमान, कारवाई करा, वगैरे. शेवटी भटजींनाच त्यांना फोन करून सांगावं लागलं की अहो, माझा अपमान झालेला नाही, मी तिथे होतो. गृहस्थ म्हणाले, तुम्हाला कळत नाही.

आता परत त्या डोंगराकडे. जत्रा झाल्यावर महिन्याभराने एका लग्नात जेसीबीवाले भेटले. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारीच. म्हणाले, “रे, तो दोंगराचो विनोद कित्याक काडलो? हांव हांसपाचो आशिल्लों.” त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, तालमीला अर्धा गाव असतो, लपतंय काय. मी काकांकडे बघितलं, काका भाजीकडे.

आता म्हणायला काय जातं, असं बायको म्हणते. खरंच हसले असते की साउंडवाल्याला फोन करून माइक बंद करायला लावला असता, कुणी सांगावं! पण मला झोंबलं ते वेगळंच. पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारच्या काळात लग्नपत्रिकेलासुद्धा सेन्सॉरचा शिक्का लागायचा, असं आजी सांगायची. तिथे निदान शिक्का मारणारा एक साहेब टेबलामागे बसलेला होता. माझ्या वाक्याला कुणी नाही म्हटलंच नव्हतं. काकांनी अंदाज केला, मी काकांच्या अंदाजाचा अंदाज केला, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो बिचारा सोफ्यावर हसायची तयारी करून बसला होता.

म्हणून यंदाच्या बैठकीत मी म्हटलं, तिकीट लावूया. पन्नास रुपये. सोफे काढा, सगळ्यांना सारख्याच खुर्च्या. खजिनदार माझ्याकडे असे बघायला लागले की मी खरोखरच वेद चोरलेत. “देवळांत तिकीट? जात्रेक आयिल्ल्या मनशाकडल्यान पयशे घेतले म्हण सांगतले लोक.” बाकीचेही तसेच. त्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही. देवासमोरचा खेळ आहे, म्हाताऱ्या बायका घोंगडी घेऊन येतात, पहाटेपर्यंत बसतात, त्यांच्याकडे पन्नास रुपये मागायला माझीही जीभ रेटणार नाही. एक पोरगा म्हणाला, तिकीट नको, घराघरातून वर्गणी काढूया, पंचवीस-पंचवीस. त्यावर बराच वेळ वाद झाला आणि मग चहा आला.

निर्णय काही झाला नाही. तेवढ्यात पेटारा उघडला तर संकासुराचा काळा पोशाख उंदरांनी कुरतडलेला, बाहीपासून कंबरेपर्यंत चाळण. लाल जीभ मात्र धड आहे. काका लगेच म्हणाले, कापडासाठी एखादा देणगीदार बघतो. मी म्हटलं, नको, येत्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जातोय, कापड माझं मीच आणतो.