चेरीचा उल्लेखच नाही?

'फ्रॉम सूप टू नट्स' (१९२८) या लॉरेल-हार्डीच्या मूकपटाची सगळी गंमत या जाड्या-रड्याच्या पडापडीत आहे, हे त्याच्यावरच्या लेखातलं विधान काही पटलं नाही. हार्डी केकमध्ये तोंडघशी पडतो ते धमाल आहेच, पण तो पडणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. खरा भाव खाऊन जाते ती मेजवानीची यजमानीण झालेली अभिनेत्री, अनिता गार्विन. नवश्रीमंत बाई, चारचौघांत ऐट दाखवायची हौस, आणि समोरची एक चेरी काही केल्या चमच्यात येत नाही! वाकून पाहावं तर डोक्यावरचा टियारा घसरून डोळ्यांवर. तो सावरावा तर चेरी पुन्हा पसार. मूकपट असूनही तिची चडफड ऐकू येते. पाहुण्यांसमोर काट्याने गुलाबजाम तोडायला गेलेल्या कुणालाही हे दुखणं कळेल. माझा एकदा थेट व्याह्यांच्या पायाशी गेला होता.

आणि हो, हीच मेजवानी पुढे याच जोडीच्या 'अ चंप ॲट ऑक्सफर्ड' या बोलपटात (१९४०) पुन्हा चित्रित झाली, यजमानीण पुन्हा गार्विनच. लेखात तेही हवं होतं. तिथे संवाद आहेत, आवाज आहे, तरी मला जुनीच सरस वाटते.