माणूस चांगला, पण

आमच्या पार्ल्याच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवडणूक जवळ आली की एक वाद हमखास पेटतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 123वं कलम. धर्माच्या नावावर मत मागितलं आणि ते कोर्टात सिद्ध झालं, तर निवडून आलेल्याची आमदारकी जाते. ग्रुपमधला एकजण वकील आहे. तो दर वेळी मला टोचतो, "तुमच्या अमेरिकेत बघ, उमेदवार चर्चमध्ये उभा राहून येशूचं नाव घेतो आणि कुणी कोर्टात जात नाही. मग आपल्याकडेच हे सोवळं कशाला?" मी आयोवात, डे मॉइनला राहतो, म्हणून उत्तर मी द्यायचं.

त्याचं म्हणणं खोटं नाही. 1999च्या डिसेंबरात याच शहरात झालेल्या वादसभेत आवडता राजकीय तत्त्वज्ञ कोण, असं विचारल्यावर जॉर्ज बुश (धाकटे) यांनी ख्रिस्ताचं नाव घेतलं होतं. रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांनी 2015 साली राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली ती व्हर्जिनियातल्या लिबर्टी या ख्रिस्ती विद्यापीठात. त्यांच्याच पक्षाचे माइक हकबी तर मुळात बाप्टिस्ट पाद्रीच.

पण हे भक्तीने होत नाही, हिशोबाने होतं. आपल्याकडे तिकीट दिल्लीहून किंवा 'साहेबां'च्या बंगल्यातून येतं. इथे ते पक्षाचे साधे मतदार देतात, आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकनांची पहिली फेरी आयोवात होते. तिला कॉकस म्हणतात. दिवसभरात सवडीने जाऊन बटण दाबायची सोय नाही. जानेवारी-फेब्रुवारीतल्या एका रात्री सात वाजता शाळेच्या व्यायामशाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये जातीने हजर राहायचं, भाषणं ऐकायची, चिठ्ठीवर नाव लिहायचं. रात्रपाळीची नर्स, मांस कारखान्यातला कामगार, घरी तान्हं मूल असलेली बाई आपोआप बाहेर. बत्तीस लाखांच्या राज्यात 2024 साली एक लाख दहा हजारांच्या आसपास लोक आले. आमच्या पार्ल्याच्या एका विधानसभा मतदारसंघात याहून जास्त मतं पडतात.

अशा रात्री कोण येणार? ज्यांच्याकडे फोन नंबरांची यादी आहे, गाडी आहे आणि दर रविवारी एकमेकांना भेटायची सवय आहे ते. आपल्याकडचं जुनं गणेशोत्सव मंडळ आठवा, जे एका हाकेला शंभर पोरं उभी करतं. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलवर कडवी श्रद्धा असलेल्या प्रोटेस्टंटांची चर्च म्हणजे तेच. कॉकसला येणाऱ्यांत त्यांचं प्रमाण बऱ्याचदा निम्म्याहून जास्त असतं. 2008 मध्ये हकबी, 2012 मध्ये रिक सँटोरम (अवघ्या 34 मतांनी), 2016 मध्ये क्रूझ जिंकले ते याच बळावर. गंमत म्हणजे तिघांपैकी एकालाही शेवटी उमेदवारी मिळाली नाही.

मिळाली ट्रम्प यांना. त्यांनी त्याच लिबर्टी विद्यापीठात बायबलमधल्या 'सेकंड करिंथियन्स'चा उच्चार 'टू करिंथियन्स' असा केला, तेव्हा विद्यार्थी हसले होते. ट्रम्प यांनी भक्ती दाखवण्याच्या भानगडीत फारसं न पडता सरळ नवस बोलला: सर्वोच्च न्यायालयात कोणाला नेमणार त्या नावांची यादीच छापून दिली. आणि नवस फेडला. त्यांनी नेमलेल्या न्यायाधीशांच्या बळावर जून 2022 मध्ये, इव्हँजेलिकलांना हवा होता तसा, गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द झाला. म्हणून 2024ला आयोवातले वजनदार इव्हँजेलिकल नेते बॉब व्हँडर प्लाट्स आणि गव्हर्नर किम रेनॉल्ड्स या दोघांनी ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी रॉन डिसँटिस यांना पाठिंबा दिला, तरी 99पैकी 98 काउंट्या ट्रम्प यांनी घेतल्या. पुढारी एकीकडे, पोथी ऐकणारे दुसरीकडे. हे बघायला मला मजा आली, खोटं कशाला बोलू?

मजा संपली ती त्याच उमेदवारीसाठी उभ्या असलेल्या विवेक रामस्वामी यांच्यापाशी. ग्रुपवर तेव्हा 'आपला माणूस' म्हणून रोज त्यांचे व्हिडिओ येत. (केरळी कुटुंबातला ओहायोचा मुलगा पार्लेकरांचा 'आपला' कधी झाला, ते सोडा.) डिसेंबर 2023 मध्ये डे मॉइनला टीव्हीवरच्या सभेत एका मतदाराने त्यांना विचारलं, या देशाच्या संस्थापकांचा धर्म तुमचा नाही असं म्हणणाऱ्यांना तुम्ही काय सांगाल? ते म्हणाले, मी हिंदू आहे, ते लपवणार नाही. इथवर मला बरं वाटलं. मग पुढे दोन्ही धर्मांची मूल्यं कशी एकच आहेत, हे पटवून देणं सुरू झालं. गणित, कर, चीन, कशावरही न अडखळणारा माणूस, आणि त्याला सगळ्यांसमोर आपला देव तपासून घ्यावा लागत होता. पदासाठी धर्माची अट घालायची नाही, असं अमेरिकेची घटना सहाव्या कलमात स्वच्छ सांगते. पण घटना सरकारला बांधते. मतदाराच्या मनातली अट तिला दिसत नाही.

तेव्हा मला 1987चं पार्लं आठवलं. पोटनिवडणूक. शिवसेनेच्या पाठिंब्यावरचे डॉ. रमेश प्रभू विरुद्ध काँग्रेसचे प्रभाकर कुंटे. मी अकरा वर्षांचा. बाळासाहेब ठाकरे यांनी प्रचारात ही निवडणूक हिंदुत्वाच्या रक्षणासाठी आहे आणि मुसलमानांच्या मतांची आम्हाला पर्वा नाही, असं सांगितल्याचं पुढे कोर्टात सिद्ध झालं. प्रभू निवडून आले. त्यांची निवड रद्द ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल आला 11 डिसेंबर 1995ला, म्हणजे त्या विधानसभेची मुदत संपून पाच वर्षं झाल्यावर. बाळासाहेबांचा मताधिकार काढल्याचा आदेश तर 1999चा. शिवाय प्रभूंच्या निकालाच्याच दिवशी त्याच न्यायालयाने मनोहर जोशी यांना अशाच आरोपातून सोडलं. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल, हे त्यांचं वाक्य म्हणजे नुसती आशा आहे, असं न्यायालय म्हणालं. वकीलसाहेब या विसंगतीवर तासभर बोलू शकतात आणि मी त्यांना अडवत नाही. आषाढीला पंढरपुरात फोटोसाठी उभ्या राहणाऱ्यांना तर हा कायदा शिवतही नाही.

तरीही माझं मत वकिलाच्या उलट झालं आहे, आणि ते आयोवात येऊन झालं. तो कायदा निवडून येणाऱ्याला रोखण्यासाठी आहे असं मी धरून चाललो होतो. त्यात तो नापासच आहे. पण ज्याच्या मताची पर्वा नाही असं भर सभेत सांगितलं गेलं, त्याच्यासाठी कुठेतरी लिहून ठेवलेलं आहे की हे सांगणं बेकायदा होतं, भले आठ वर्षांनी का होईना. इथे तसं लिहिलेलं नाही, आणि इथे मी त्या बाजूला आहे.

2024चं कॉकस नेमकं संक्रांतीला होतं. बाहेर उणे वीस. शेजारच्या आजींना बर्फात गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून मी त्यांना शाळेत घेऊन गेलो आणि मागच्या बाकावर बघत बसलो. प्रार्थना झाली, भाषणं झाली, चिठ्ठ्या पडल्या. परत येताना मी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि रामस्वामी कसा वाटला, विचारलं.

"हुशार मुलगा आहे. मला आवडतो. पण," आणि त्यांनी हीटरची झडप आपल्याकडे वळवली.

आमच्या शाळेच्या चड्ड्या स्टेशनजवळचे एक मुसलमान शिंपी शिवायचे. बाबांची त्यांच्याशी उधारीइतकी घसट. 1987च्या त्या डिसेंबरात बाबा आईला म्हणाले होते, "माणूस चांगला आहे, पण." त्यांनीही वाक्य तिथेच सोडलं होतं.

रात्री हे सगळं ग्रुपवर लिहिलं. पार्ल्यात सकाळ झालेली. वकिलाने विचारलं, "रामस्वामीला शेवटी किती पडली?"

"आठ टक्क्यांच्या आत. माघार घेऊन ट्रम्पना पाठिंबाही दिला."

"वाईट नाही रे," तो म्हणाला, "हिंदू असून."